उंबऱ्यावरचं वाक्य

आदरणीय बाई,

मी खानापूर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात पंधरा वर्षं दवाखाना चालवतो. एम.बी.बी.एस. आहे. सातवीपर्यंत मराठी शाळेत होतो, पुढं सगळं इंग्रजीत झालं. शाळेत निबंधाला माझा नंबर ठरलेला असायचा. आता केसपेपर इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये आणि पेशंटशी बोलणं मराठी, कोकणी, कन्नड जे जमेल त्यात. कोविडच्या दोन वर्षांत तर एक अक्षरही लिहिलं नाही, त्याची हळहळ वाटते. गेल्या वर्षी हट्टानं एक कथा लिहून दिवाळी अंकाला पाठवली. ‘साभार परत’ आली. सोबत जोडली आहे. विषय खरा आहे. एक आजी महिनाभर येत होत्या. म्हणायच्या, ‘उरात कोणतरी भात कांडूलालंय बघा डॉक्टर, रातभर.’ घरात त्यांच्याशी कुणी बोलतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यावर कथा आहे.

प्रश्न तीन आहेत. सकाळी नऊ ते रात्री नऊ दवाखाना, मधे व्हिजिट, लिहायचं कधी? माझी मराठी बेळगावची, पुण्याची नाही. लोक हसतील का? आणि बायको म्हणते, डॉक्टरनं लेखक होणं म्हणजे दोन्हीकडं अर्धवट. ते खरं का? जाता जाता, वर्तमानपत्रात आरोग्यावर लिहावं का?

— एक डॉक्टर, खानापूर तालुका

प्रिय डॉक्टर,

तुमची कथा दोनदा वाचली आणि पत्र चारदा. पत्र जास्त चांगलं आहे, आणि ते का चांगलं आहे हे सांगण्यातच माझं बहुतेक उत्तर येईल.

कथा अकरा पानांची आहे. त्यात ते भात कांडण्याचं वाक्य मी शोधत होते. सापडलं नाही. त्याच्या जागी चौथ्या पानावर हे आहे: ‘सदर वृद्धेस रात्रीच्या वेळी हृदयाची तीव्र धडधड जाणवत असे.’ हे कसं झालं ते मला दिसतंय, कारण पस्तीस वर्षं निपाणीकडं दवाखान्यात बसून मीही तेच करत होते. आजी बोलल्या. तुम्ही केसपेपरवर ‘पाल्पिटेशन्स’ लिहिलंत. वर्षभरानं कथा लिहायला बसलात तेव्हा आजी आठवल्या नाहीत, केसपेपर आठवला, आणि तुम्ही त्याचं मराठी केलंत. दोनदा भाषांतर झालं. त्या जाण्यायेण्यात उखळ गेलं, मुसळ गेलं, रात्र गेली, आणि जन्मभर भात कांडलेल्या बाईला आपल्या छातीतला आवाजही तसाच ऐकू येतो ही गोष्टही गेली. उरली ती ‘सदर वृद्धा’.

मेडिकलला असताना वॉर्डात पहिल्यांदा उभं केलं तेव्हा आपल्याला काय शिकवलं होतं, आठवतंय ना? मुख्य तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची. पुस्तकात तसं छापलेलं असतं. चार दिवस आपण तसं लिहितोही. मग इंटर्नशिप लागते, रात्रीत चाळीस ॲडमिशन होतात, आणि पेशंटच्या शब्दांना वेळ उरत नाही. ते बरोबरच आहे. रात्री दोन वाजता उखळाचं वर्णन वाचत बसणारा रजिस्ट्रार मला तरी नको होता. पण जे शब्द केसपेपरवरून गळतात ते टाकाऊ नसतात. तुमचं लिखाण त्या गळालेल्यातून व्हायचं आहे. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. एक खिशातली वही घ्या आणि रोज दवाखाना बंद करताना त्या दिवशी ऐकलेलं एकच वाक्य, बोललं तसं, लिहा. खाली निदान नको, नाव, गाव, तारीख काहीही नको. मोबाइलमध्ये तर लिहूच नका. तो कुणाच्याही हातात जातो.

सहा महिन्यांनी ती वही उघडलीत की आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत ते बघून तुम्ही चकित व्हाल. कळ, सणक, ठणका, चमक, उसण, पेटका, रग. पोटात गोळा उठतो, मुरडा येतो, डोकं भणाणतं, अंग मोडून येतं, हातपाय गळतात, जीव घाबरा होतो, छातीवर दडपण येतं. यातल्या कुठल्याही दोन शब्दांचा अर्थ एक नाही. ठणका म्हटला की आपण पू शोधतो, चमक म्हटली की शीर. बायका खालच्या आवाजात ‘अंगावरून जातंय’ म्हणतात तेव्हा त्या दोन शब्दांत किती महिन्यांचं लपवणं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. हा साठा मराठीच्या कुठल्या प्राध्यापकाकडंही नसेल. तुमच्या टेबलासमोर तो रोज येऊन बसतो, आणि वर फी देऊन जातो.

आता कथेविषयी. रागावू नका.

पहिली दोन पानं सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं गाव, धुक्याची दुलई आणि कोसळणारा पाऊस यात गेली आहेत. तुमच्या भागातला पाऊस मला माहीत आहे. जांबोटी-कणकुंबीकडं तो असा लागतो की चार-चार दिवस पलीकडच्या गावांतून माणूस येत नाही. मग तेच लिहा की! पावसात दवाखाना रिकामा असतो, आजारी माणसं कमी झालेली नसतात. रोपलावणीच्या दिवसांत ताप अंगावर काढतात, आणि लावणी संपली की सगळे एकदम येतात. ही गोष्ट एका डॉक्टरालाच दिसते. धुक्याची दुलई कुणालाही दिसते, आणि आजवर फार जणांनी ती पांघरलेली आहे.

दुसरं म्हणजे तुमच्या कथेतला डॉक्टर. तो कधी थकत नाही, कधी वैतागत नाही, आणि शेवटी आजी त्याच्यासमोर हात जोडून ‘तुम्ही देवमाणूस’ म्हणतात. संपादकानं तिथंच अंक मिटला असणार. डॉक्टरांच्या लिखाणाला जडणारा हा आमचा जुना आजार आहे. आपण पांढरा कोट घालूनच कथेत शिरतो. तुमच्या पत्रात मात्र एक बारीकसं कबुलीचं वाक्य आहे: ‘हे मला फार उशिरा कळलं.’ महिनाभर तुम्ही आजींना गोळ्या देत होता आणि चुकत होता. त्या चार-पाच भेटींत तुम्ही घड्याळाकडं बघितलंत का? ‘परत आली ही’ असं मनात आलं का? माझ्या तर यायचं. तिथून लिहा. रशियन कथाकार चेकॉव्ह स्वतः डॉक्टर होता, पण त्याच्या कथांमधले डॉक्टर बघा: कंटाळलेले, हुकलेले, कधी भित्रे. त्याला आपल्या जातीची दया आली नाही म्हणून ती माणसं अजून जिवंत वाटतात.

आणि कथा सुरू कुठं करायची? तुम्हाला हे रोज दिसत असेल. पेशंट पाच मिनिटं गुडघ्याबद्दल बोलतो, चिठ्ठी घेतो, उठतो, दारापर्यंत जातो, चप्पल पायात सरकवतो आणि मागं वळून म्हणतो, ‘आणि एक विचारायचं होतं, डॉक्टर.’ ज्यासाठी तो खरा आला होता ते तिथं बाहेर येतं. मी त्याला उंबऱ्यावरचं वाक्य म्हणायची. कंपाउंडरला सांगून ठेवलं होतं, की पेशंट दारात थांबला तर पुढचा लगेच आत सोडायचा नाही. तुमच्या आजी कधी वळल्या? आठव्या पानावर वळल्या आहेत. आधीची सात पानं काढा. फाडू नका हो, ती तुमच्या माहितीसाठी आहेत, वाचणाऱ्याला नकोत.

वेळेचं म्हणाल तर बारा तास दवाखाना करणाऱ्याला ‘पहाटे चारला उठा’ असं सांगणाऱ्यांतली मी नाही. रात्री बाळंतपणाला उठलेल्या माणसानं पहाटे चारला झोपलेलं असावं. लोक तुम्हाला व्यवसाय सोडलेल्यांची उदाहरणं देतील. अनिल अवचट डॉक्टर झाले पण प्रॅक्टिसमध्ये रमले नाहीत. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची सर्जरी सोडली आणि ते १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले. मोठी माणसं. पण तुम्हाला दवाखाना सोडायचा नाही, म्हणून न सोडलेल्यांकडं बघा. विल्यम कार्लोस विल्यम्स हा अमेरिकन कवी न्यू जर्सीतल्या रदरफर्ड या लहान गावात चाळीसएक वर्षं मुलांचा आणि बाळंतपणांचा डॉक्टर होता. दवाखान्याच्या टेबलातच त्यानं टाइपरायटर ठेवला होता. पेशंट गेला की बाहेर काढायचा, दुसरा आला की आत ढकलायचा. काही वेळा प्रिस्क्रिप्शनच्या कागदावरच लिहायचा. त्याच्या कवितेच्या ओळी आखूड का, याला हेही एक कारण असावं असं मला आपलं वाटतं. बंगालीत ‘बनफूल’ या नावानं लिहिणारे बलाईचांद मुखोपाध्याय भागलपूरला पॅथॉलॉजीची लॅब चालवायचे. त्यांच्या कित्येक कथा पानभराच्या, काही अर्ध्या पानाच्या. दोन स्लाइडच्या मधल्या वेळात मावतील अशा.

आणि एवढ्या लांब तरी कशाला? आमच्या निपाणीचे महादेव मोरे २०२४ मध्ये गेले. पिठाची गिरणी चालवत त्यांनी जन्मभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. गिरणीत जोंधळा घेऊन आलेली माणसंच त्यांच्या पानांवर आली. गिरणीचा पट्टा चालू असताना एखाद्याला लिहिता येत असेल, तर दोन पेशंटच्या मधे तुम्हाला आणि मला काय अडचण आहे?

म्हणून कादंबरीचं नाव इतक्यात काढू नका. अकरा पानंही नकोत. एक पान. केसपेपरएवढं. एक माणूस, एक वाक्य, एक प्रसंग. अशी वीस पानं झाली की मग बघू.

मात्र एक सवलत घ्या. १८९२ मध्ये रशियात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा चेकॉव्हकडं पंचवीस गावं होती. त्या काळात साहित्याला वेळ नाही, असं तो पत्रांत सरळ लिहितो. कोविडच्या दोन वर्षांत तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही म्हणून पत्रात हळहळ व्यक्त केली आहे. ती काढून टाका. साथीत डॉक्टरनं साथ बघावी. वही कुठं जात नाही.

भाषेच्या भीतीबद्दल. बेळगावची मराठी लिहिली तर पुण्यात हसतील म्हणता? पु.लं.नी बेळगावच्या रावसाहेबांना त्यांच्या बोलीसकट पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात नेऊन बसवलं, आणि लोक हसले ते प्रेमानं. जी. ए. कुलकर्णी या भागातलेच. बेळगावात वाढले, धारवाडला कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि लिहिलं मराठीत. कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी आणि कवितेत कन्नड. दोन-तीन भाषांच्या मधे राहणं ही इथली जुनी रीत आहे, त्यात लाज कसली? तुम्हाला कन्नड वाचता येत असेल तर वाचा. कन्नडमध्ये डॉक्टर लेखकांची चांगली परंपरा आहे. बेंगळूरचे डॉ. एम. शिवराम ‘राशी’ या नावानं विनोद लिहायचे आणि १९४२ पासून त्यांनी ‘कोरवंजी’ मासिक चालवलं. डॉ. अनुपमा निरंजन यांनी दवाखाना सांभाळून कादंबऱ्याही लिहिल्या आणि बायकांच्या आरोग्यावरही लिहिलं. आपल्याकडं या दोघांची नावं फारशी कुणी घेत नाही. सीमेवर राहून आपण एकमेकांचं किती कमी वाचतो, हा वेगळाच विषय आहे. त्यात शिरले तर संपादक मला सदरातून काढतील.

व्यवहाराचं सांगायचं तर निवेदन साधं, सगळ्यांना कळेल असं ठेवा. बोलणं मात्र माणसाचं माणसाला द्या. ‘कांडूलालंय’ हे तसंच राहू दे. नागपूरच्या वाचकाला एका क्षणात कळेल, आणि कळायला क्षणभर लागला तर बिघडलं काय? पण प्रत्येक ओळीत ‘की वो’ आणि ‘बगा’ पेरू नका. ते मग लोणच्याचं जेवण होतं. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी तुम्ही करू नका. तालुक्यात मराठीचे निवृत्त शिक्षक भरपूर आहेत, आणि त्यांचा बीपी तुम्हीच बघत असाल.

आता ज्यासाठी मला हे उत्तर लिहावंसं वाटलं ते.

माझी दुसरी का तिसरी कथा एका दिवाळी अंकात आली होती. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका बाईची. मी नाव बदललं, गाव बदललं, जातही बदलली आणि फार हुशारी केली असं मला वाटलं. पण तिच्या हाताच्या एका खुणेचा मोह सोडवला नाही. वर्णन चांगलं जमलं होतं. तिच्या जावेचा मुलगा कॉलेजात होता. त्यानं तो अंक वाचला. पंधरा दिवसांनी बाई आली, नंबर असून बाकावर बसून राहिली, सगळे पेशंट गेल्यावर आत आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘बाई, तुमास्नी सांगितलं हुतं ते औषदासाठनं.’ आणि गेली. परत माझ्याकडं आली नाही. ती उंबऱ्यावर वळून बोलली ते वाक्य मी कुठल्याही वहीत लिहिलं नाही. लिहायची गरजच पडली नाही.

इंडियन मेडिकल कौन्सिलचे २००२ चे आचारनियम तुम्ही शपथेबरोबर घेतलेले आहेत: पेशंटची ओळख पटेल अशा रीतीनं त्याची हकीकत किंवा फोटो त्याच्या परवानगीशिवाय कुठंही छापायचा नाही. एचआयव्ही, गर्भपात, मुलांवरचे अत्याचार यांत तर स्वतंत्र कायदे आहेत आणि ते फार कडक आहेत. त्या प्रकरणांच्या जवळही जाऊ नका. पण नियम मुंबईला पुरतो तसा तालुक्याला पुरत नाही. मुंबईत नाव बदललं की माणूस हरवतो. आपल्याकडं ‘डोंगरापलीकडच्या गावातली, धाकटा लेक गोव्यात हॉटेलात’ एवढं म्हटलं की बाजारातला भाजीवालाही सांगेल कोण ती. म्हणून नाव बदलण्यानं भागत नाही. तीन माणसं मोडून एक करा. आजार बदला, घरातली माणसं बदला, आजीचे आजोबा करा. आणि छापायला देण्याआधी स्वतःला विचारा: हे माणूस उद्या बाकावर येऊन बसलं, तर मला त्याच्या डोळ्यांकडं बघता येईल का? जिथं खरंच त्याचेच शब्द घ्यायचेत तिथं जाऊन विचारा. नाही म्हटलं तर वही मिटा. अशी मिटलेली पानं माझ्याकडं कथांपेक्षा जास्त आहेत.

म्हणूनच तुमचं पत्र छापण्याआधी मी तुम्हाला फोन केला आणि आजींना विचारून या म्हटलं. त्यांचं गाव आणि वय मी पत्रातून काढलं आहे.

वर्तमानपत्रात आरोग्यावर लिहावं का, असंही तुम्ही जाता जाता विचारलं आहे. जरूर लिहा, नियम आडवे येत नाहीत. फक्त आपल्या दवाखान्याची जाहिरात होता कामा नये. पण शुगर-बीपीवर तेच ते लिहू नका. काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरीकडं कामाला जाऊन ताप घेऊन परतणाऱ्या माणसांवर, गोचिडीतून येणाऱ्या माकडतापावर लिहा. हा आजार १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. काजूच्या बागेत जाणाऱ्याला हे मराठीत, त्याच्या शब्दांत सांगणारा माणूस हवाच आहे. आणि असा लेख लिहिताना वाक्य सरळ करण्याची जी सवय लागते, ती कथेलाही कामी येते.

छापून आणायची घाई नको. तुमच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथं आधी वाचून दाखवा. मंडपात बसलेल्या शेतकऱ्याला जांभई आली की ती जागा खुणेनं दाखवून ठेवायला बरोबर कुणाला तरी न्या. माझ्या बरोबर माझा कंपाउंडर यायचा. त्याच्यासारखा समीक्षक पुन्हा मिळाला नाही.

राहिल्या तुमच्या सौभाग्यवती. वैद्यकी ही लग्नाची बायको आणि साहित्य ही प्रेयसी, असं चेकॉव्हनं १८८८ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं. डॉक्टर लेखकांच्या प्रत्येक सभेत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. तुम्ही घरी म्हणू नका. त्याऐवजी नवं लिहिलेलं एक पान त्यांना वाचून दाखवा आणि मधे कुठं त्या स्वयंपाकघरात उठून जातात ते बघा. दोन्हीकडं अर्धवट होण्याची त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पेशंट बोलत असताना तुम्ही मनात वाक्य जुळवायला लागलात तर दवाखानाही जाईल आणि वाक्यही. ऐकताना फक्त डॉक्टर असा. लेखकाला शटर खाली ओढल्यावर आत घ्या.

कथा परत पाठवते आहे. पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत, आठव्या पानाच्या पुढं कमी आहेत. एक पान लिहून रोपलावणी संपायच्या आत पाठवा. पावसात तुम्हाला वेळ असेल. आजी चप्पल घालून वळतात तिथं सुरू करा. निदान लिहू नका. मला मात्र कळवा, ईसीजीत काय निघालं? जुनी खोड आहे.

आणि आजींनी तुमच्याकरवी विचारलंय ना, ‘छापा की, पण पैसे मिळत्यात काय वो?’ त्यांना सांगा, फारसे नाहीत. त्यांच्या पुढच्या ईसीजीचे तुम्ही घेऊ नका, म्हणजे हिशेब मिटला.

तुमची,
बाई